चेसीवर पुट्टी मारून पासिंग करणाऱ्यांनो, एकदा खाली वाकून बघा



आज द्राक्ष नाही, कांदा नाही. आज पिकअपच्या चेसीवर लिहितोय, आणि थोडं कडक लिहितोय. काहींना लागेल. लागलं तर लागू द्या.

आपल्याकडं एक पद्धत पडलीय. गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंग येतं. पासिंगच्या चार दिवस आधी गाडी उभी करायची, चेसीला जिथं भोक पडलंय तिथं पातळ पत्र्याचा तुकडा चिकटवायचा, वरून पुट्टी, त्यावर काळा रंग. गाडी नव्यासारखी चकाकते. कागद हातात आला की आपण मोकळे. दुसऱ्या दिवशी त्याच हौद्यात कांद्याच्या गोण्या भरून लासलगावचा रस्ता धरायचा.

माझं म्हणणं सरळ आहे. गंजलेली चेसी दुरुस्त करायची तर कापून, चांगल्या लोखंडापर्यंत जाऊन करा. ते जमत नसेल तर गाडी भंगारात द्या. पुट्टीला दुरुस्ती म्हणू नका. ती फसवणूक आहे, आणि फसतंय कोण तर आपणच.

कोण फसतंय ते नीट सांगतो. मालवाहू गाडीत माणसं बसवायची नाहीत हा कायदा मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. पण हंगामात सकाळी सातला निफाड-दिंडोरीकडच्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहा. पिकअपच्या हौद्यात पंधरा-वीस बाया बसलेल्या दिसतील, डबा मांडीवर घेऊन. त्या बायांना चेसी म्हणजे काय हे कुणी सांगितलेलं नसतं. मागच्या पाट्याचा हँगर चेसीतून उपटला तर एक्सल एका बाजूला सरकतो आणि गाडी स्टिअरिंगला जुमानत नाही. चालक केबिनमध्ये असतो. मागं बसलेल्याला धरायला फक्त फाळका असतो.

गेल्या पावसाळ्याआधी गावातल्या एकानं जुनी पिकअप पसंत केली, आणि पैसे द्यायच्या आधी बघायला मला बोलावलं. वरून गाडी झकास. खाली चेसीला ताजा काळा रंग. जुन्या गाडीला फक्त चेसीवरच ताजा रंग दिसला की माझा हात आपोआप हातोडीकडं जातो. मागच्या एक्सलच्या वर चेसी कमानीसारखी वळते तिथं ठोकलं. चांगलं लोखंड टणकन वाजतं. इथं आवाज आला भद. टोचा घातला तर पुट्टीचा ढेपला निघाला, आत माती, आणि मातीमागं हवा. विकणारा म्हणाला, "दादा, एवढं कोण बघतं?" सौदा तिथंच मोडला. पण ती गाडी कुणीतरी घेतलीच असणार, याचा मला आजही त्रास होतो.

आता चेसी गंजते का, हे बघू. कारण सगळा दोष पावसावर ढकलायची आपल्याला सवय आहे. पाऊस दोषी आहेच, पण एकटा नाही. पेरणी यंत्राची खताची पेटी दोन हंगामात कशी खाऊन जाते ते सगळ्यांनी बघितलंय. मग तेच खत हौद्यातून वाहताना ते लोखंडाला सोडेल का? म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. वजनाच्या निम्म्याच्या जवळपास त्यात क्लोराइड असतं. द्राक्षाला क्लोराइड नको म्हणून आपण महागाचं एसओपी घेतो. गाडीच्या बाबतीत मात्र फाटक्या गोणीतून सांडलेलं पोटॅश हौद्याच्या फटीतून चेसीवर जातं आणि आपण फटीत झाडूसुद्धा घालत नाही. युरिया हवेतलं पाणी ओढतो, ते उघड्या गोणीला हात लावला की कळतं. खताचा थर बसला की पाऊस नसतानाही ती जागा ओली राहते. वर कोंबडखत, शेणखत, ओल्या क्रेटचं पाणी. कोकणातल्या मंडळींना तर खारा वारा फुकटात मिळतो.

कृषी अधिकारी आणि सल्लागार मंडळींनाही एक बोलतो, राग मानू नका. खताची मात्रा तुम्ही ग्रॅममध्ये सांगता. खत वाहिल्यावर गाडी, ट्रेलर, पेरणी यंत्र धुवा, हे वाक्य मी आजवर एकाही मेळाव्यात ऐकलेलं नाही. शेतकऱ्याचं भांडवल मातीत असतं तसं लोखंडातही असतं.

चेसी आतून जास्त गंजते, हेही ध्यानात घ्या. बंद पेटीसारख्या भागात भोकांतून चिखल शिरतो आणि पाणी निघायची भोकं बुजतात. मग वर्षभर आत ओला चिखल. जिथं दोन पत्रे एकावर एक रिव्हेट केलेत तिथं गंज मधे फुगतो, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो पत्रे फाकवतो. बाहेरून रंगाचा फुगा दिसतो, तोवर आत बरंच काही संपलेलं असतं. म्हणून वरून रंग मारणं म्हणजे कुजलेल्या कांद्याच्या चाळीला बाहेरून चुना लावणं.

आता घरी काय करता येतं आणि काय नाही. इथं माझं भांडण दोन्ही बाजूंशी आहे. एक म्हणतात, चेसीला घरी हातच लावू नको. दुसरे म्हणतात, रॉड लाव आणि चिकटव. दोघंही अर्धं बोलतात.

कावड खांद्यावर घेतली की बांबू वाकतो. वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते, मधल्या भागावर जोर कमी. चेसीचंही तेच. माल भरला की वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीवर खरा जोर येतो. मधल्या उभ्या बाजूवर तो कमी असतो. म्हणून उभ्या बाजूच्या मध्यावर हाताच्या पंजाएवढा भाग गेला असेल, आजूबाजूचं लोखंड जाड असेल, आणि वेल्डिंगवर हात बसलेला असेल, तर ते काम घरच्या शेडमध्ये होतं. वरची-खालची पट्टी खाल्लेली असेल, तडा गेला असेल, पाट्याच्या हँगरपाशी किंवा स्टिअरिंग बॉक्सच्या बुडाशी गंज असेल, किंवा चेसी खचलेली असेल, तर घरी हात लावू नका. चेसीचंच काम करणाऱ्याकडं न्या. त्यानंही मान हलवली तर भंगार.

माझी पिकअप 2011 सालची. डाव्या बाजूला, एक्सलच्या पुढं, उभ्या बाजूत दोन भोकं पडली होती. ती मी घरी केली. कशी केली ते क्रमानं लिहितो.

पहिलं, हौदा रिकामा. गाडी सपाट जागेवर, चाकांना ओट, आणि कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना चेसीखाली पक्के स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, विटांच्या थप्पीवर तर नाहीच. वीट एका क्षणात फुटते.

दुसरं, बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या, अल्टरनेटरचा आणि गाडीच्या कंट्रोल युनिटचा प्लग काढला. डिझेल टाकी उतरवून लांब ठेवली. ब्रेकचे पाईप आणि वायरिंग बाजूला बांधलं. वेल्डिंगची अर्थिंग कामाच्या अगदी जवळ, घासलेल्या लोखंडावर लावली. नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. शेजारी वाळूची बादली आणि एक माणूस.

तिसरं, चिखल धुऊन, वाळवून, वायर ब्रशनं चकचकीत लोखंड निघेपर्यंत घासलं. मग हातोडी आणि टोचा घेऊन इंच-इंच तपासलं आणि खडूनं खूण केली. खूण नेहमी भोकाच्या दुप्पट-तिप्पट निघते. तिथंच बरेच जण घाबरून पुट्टीकडं वळतात.

चौथं, पातळ झालेलं सगळं कापलं. कोपरे गोल ठेवले, कारण चौकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो. चांगल्या जागी चेसीची जाडी मोजली आणि तेवढ्याच जाडीची प्लेट घेतली. "जाड लाव, मजबूत होईल" असं म्हणणारे खूप भेटतील. फार जाड प्लेट वाकत नाही. मग तिच्या कडेला जुनं लोखंड एकटंच वाकत राहतं आणि वेल्डिंगच्या शेजारी तडा जातो. बाहेरून जोडपट्टी लावायची तर तिची टोकं तिरकी कापायची, चेसीच्या उंचीभर सरळ उभी वेल्डिंग मारायची नाही. वरच्या-खालच्या पट्टीवर आडवी वेल्डिंग तर अजिबात नाही.

पाचवं, रॉड. खिडकीच्या ग्रिलला वापरतो तो 6013 हाताला सोपा पडतो, पण चेसीला मी 7018 वापरला. हा रॉड कोरडाच लागतो. शेडमध्ये पावसाळाभर उघडा पडलेला पुडा चालत नाही. थोडं-थोडं, जागा बदलत वेल्डिंग केली आणि आपोआप थंड होऊ दिली. पाणी मारून थंड करू नका, लोखंड ठिसूळ होतं. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा तुकडा कुणी दिला तर परत करा. जस्ताच्या धुरानं रात्री ताप भरतो.

सहावं, घासून तपासलं, रेड ऑक्साइडचे दोन हात, मग चेसीचा रंग. आतल्या बाजूला वेल्डिंगनं रंग जळतो, तिथून गंज पुन्हा सुरू होतो. म्हणून भोकातून नळी घालून आत गंजरोधक मेण मारलं. पाणी निघायची भोकं मोकळी ठेवली. चेसी नंबर कोरलेल्या जागेला ग्राइंडर लागू दिला नाही. तो नंबर खराब झाला तर कागदोपत्री गाडी तुमची राहत नाही.

दोन दिवस गेले. प्लेट, रॉड, डिस्क, रंग धरून खर्च पाच हजारांच्या आत. ज्याला वेल्डिंग येत नाही त्यानं धुणं, घासणं, खुणा करणं स्वतः करावं आणि कापायला-जोडायला चांगला फॅब्रिकेशनवाला बोलवावा. त्यात कमीपणा नाही. खाली झोपून वर वेल्डिंग मारणं हे शेतीच्या गेटला रॉड लावण्याइतकं सोपं नाही.

काही जण म्हणतील, जुन्या गाडीवर एवढा जीव कशाला, सरकार भंगारात काढायला सांगतंय. नीट वाचा. 2021 च्या वाहन भंगार धोरणात आपल्यासारख्या खाजगी मालकाची गाडी केवळ वय झालं म्हणून मोडायची नाही, फिटनेसच्या चाचणीत ती टिकली नाही तर मोडायची आहे. 15 वर्षांनंतर फी वाढते, ती आपण भरतो. म्हणजे वाद वयाचा नाही, गाडी धड आहे का याचा आहे. इंजिन ठणठणीत असलेली गाडी चेसीच्या पंजाभर गंजासाठी मोडू नये, या मताचा मी आहे. पण मग ती खरोखर धड असली पाहिजे, फोटोत दिसण्यापुरती नाही.

आणि "पासिंगवाला थोडंच खालून ठोकून बघतो" हे म्हणणाऱ्याला माझा एकच प्रश्न. पासिंगवाला त्या हौद्यात बसून येणार आहे का? बसणार आहे तुमच्याच शेजारची वहिनी, तुमच्याच वाट्यानं पिकवणारा भाऊ, कधी शाळेला उशीर झालेलं तुमचंच पोरगं.

जळक्या ऑईलबद्दलही सांगतो, कारण ते कुणीतरी काढणारच. बाहेरून मारलं तर थोडे दिवस पाणी लागत नाही हे खरं. पण ते पाट्यांचे आणि हौद्याचे रबर फुगवतं, धूळ धरून ठेवतं आणि थेंब-थेंब रानात गळतं. गंजाच्या पापुद्र्यावर मारलं तर खालचा ओलावा आतच राहतो. साध्या पाण्याचं धुणं त्यापेक्षा स्वस्त. खत वाहिलं की त्याच दिवशी हौदा झाडायचा, मग खालून पाणी मारायचं, एक्सलच्या वरच्या कमानीत आणि भोकांत जास्त. गाडी उतारावर उभी करून निथळू द्यायची. दहा मिनिटांचं काम आहे. फवारणीच्या ब्लोअरला आपण तेवढा वेळ देतोच.

जूनच्या आधी एक सकाळ काढा. हातोडी, टोचा, खडू आणि बॅटरी घ्या, गाडीखाली पोतं टाका आणि पुढच्या बंपरपासून मागच्या हुकापर्यंत ठोकत जा. जिथं भद वाजेल तिथं खूण करा. ती खूण उभ्या बाजूच्या मध्यावर असेल तर कामाला लागा. वरच्या-खालच्या पट्टीवर किंवा हँगरपाशी असेल तर त्या दिवसापासून गाडी उभी करा, हंगाम असला तरी. कांदा दुसऱ्याच्या गाडीनंही बाजारात जातो.