उसना अग्निबाण

आकाशात उपग्रह सोडावयाचा, तर त्यासाठी अग्निबाणही स्वतःच बांधला पाहिजे असे नाही. दक्षिण कोरियाने आपला पहिला उपग्रह 'उरिब्योल', म्हणजे 'आपला तारा', 1992 साली युरोपच्या एरियान अग्निबाणावरून सोडला. तो घडविण्याची विद्या कोरियन विद्यार्थी इंग्लंडातील सरे विद्यापीठात जाऊन शिकले होते. याच मालिकेतील तिसरा उपग्रह 1999 च्या मे महिन्यात आपल्या श्रीहरिकोट्याहून भारतीय अग्निबाणाने वर नेला. मग भाडे भरून काम भागत असता अफाट खर्च करून स्वतःचा अग्निबाण बांधण्याचा अट्टाहास कशाला, असे एखादा व्यवहारी गृहस्थ विचारील. प्रश्न वावगा नाही. परंतु त्याचे उत्तर जमाखर्चाच्या वहीत सापडावयाचे नाही. ते कोरियाच्या अपयशांतच शोधले पाहिजे.

कोरियाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ नारो नावाचे बेट आहे. तेथून 'नारो' याच नावाचा अग्निबाण 2009 च्या ऑगस्टमध्ये प्रथम उडाला. त्याचा खालचा, सर्वांत बलवान टप्पा रशियाने बांधून दिलेला होता. वरचा टप्पा तेवढा कोरियाचा. उपग्रहावरील संरक्षक टोपणाचा अर्धा भाग सुटला नाही आणि उड्डाण फसले. पुढील वर्षी जूनमध्ये दुसरा प्रयत्न झाला. अवघ्या दोन-सव्वादोन मिनिटांत अग्निबाणाचा स्फोट झाला. दोष कोणत्या टप्प्यात होता? दोन्ही देशांचे तज्ज्ञ विचारास बसले, पण कारणाविषयी त्यांचे एकमत होईना. रशियन टप्प्याचे तंत्र कोरियाच्या हाती द्यावयाचे, असे करारात नव्हतेच. घरात भिंत कोसळावी आणि पाया पाहण्याची मात्र मुभा नसावी, तशी ही स्थिती होती! 30 जानेवारी 2013 रोजी नारोने अखेर उपग्रह कक्षेत पोहोचविला. देशभर आनंद झाला, आणि तो रास्तच होता. तथापि अग्निबाणाला भूमीवरून उचलणारी ज्वाला अजून परक्याचीच होती.

यानंतरचा 'नुरी' हा अग्निबाण मात्र कोरियाने स्वतः बांधला. त्याची उंची 47 मीटरांहून अधिक, वजन सुमारे 200 टन. पहिल्या टप्प्यात प्रत्येकी 75 टन रेट्याची चार इंजिने. त्यांत शुद्ध रॉकेल द्रवरूप प्राणवायूत जळते. 21 ऑक्टोबर 2021 रोजी नुरी 700 किलोमीटर उंचीवर पोहोचला. पण तिसऱ्या टप्प्याचे इंजीन वेळेपूर्वीच बंद पडले, आणि पुरेसा वेग न मिळाल्यामुळे त्यावरील नमुन्याचा उपग्रह कक्षेत राहिला नाही.

पुन्हा अपयशच, परंतु त्याची जात निराळी होती. या वेळी कोणाचीही परवानगी मागावयाची नव्हती. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर कारण हाती आले. द्रवरूप प्राणवायूच्या टाकीच्या आत हेलियम वायूची एक टाकी बसविलेली होती. रिकामी घागर पाण्यात दाबून धरली की पाणी तिला वर लोटते, हे विहिरीवर पाहावयास मिळते. तसेच द्रव या टाकीला वर लोटीत होता. अग्निबाण वेग घेऊ लागला की हा जोर कितीतरी वाढतो. भूमीवर बसून आखणी करताना ही वाढ पुरेशी हिशेबात धरली गेली नव्हती. टाकीचा आधार निखळला, मोठ्या टाकीला तडा गेला, प्राणवायू गळाला आणि इंजीन विझले. एवढ्या मोठ्या यंत्रातील एवढीशी चूक! ती यंत्रज्ञांनी लोकांपुढे स्पष्ट मांडली, हे विशेष होय.

म्हणूनच 2013 च्या यशापेक्षा 2021 च्या या अपयशाची योग्यता मोठी मानली पाहिजे. भाड्याच्या वाहनात कमीपणा नाही. चंद्राकडे जाणारे 'दानुरी' यान कोरियाने 2022 मध्ये अमेरिकन अग्निबाणानेच धाडले. मात्र भाड्याचे वाहन मोडले तर ते का मोडले, हे प्रवाशाला कोणी सांगत नाही.

टाकीचा आधार बळकट करण्यात आला. 21 जून 2022 रोजी नुरी पुन्हा उडाला, आणि या वेळी उपग्रह 700 किलोमीटर उंचीवरील आपल्या कक्षेत फिरू लागला. त्यानंतर मे 2023 मध्ये आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच बेटावरून नुरीने आणखी उपग्रह वर नेले.