परवाना आणि मैदान

राळेगावात 'क्लब' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पत्त्यांचा अड्डा येतो. बी.ए.च्या वर्गात नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'विषयी (2022) बोलताना 'फुटबॉल क्लब' असा शब्दप्रयोग माझ्या तोंडून गेला, तेव्हा मागच्या बाकांवर हशा पिकला तो त्यामुळेच. आमच्या तालुक्यात कबड्डी आहे, व्हॉलीबॉल आहे, क्रिकेट तर आहेच. फुटबॉल जवळजवळ नाही. तेव्हा आशियाई क्लब स्पर्धांमध्ये आपल्या संघांना मिळणाऱ्या वा नाकारल्या जाणाऱ्या प्रवेशाविषयी कापसाच्या मुलखातल्या मराठीच्या प्राध्यापकाने लिहावे, हे काहींना अनाठायी वाटेल. मला तसे वाटत नाही. हा प्रश्न मुळात प्रवेशाचा आहे, आणि दार कोण उघडतो व कोणत्या कागदावर उघडतो, हा विषय साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नसावा.

थोडे मागे जाऊ. 2005-06 मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2007 मध्ये एएफसी कप या आशियातील दुय्यम स्पर्धेत उपान्त्यपूर्व फेरी गाठली. पुढच्याच वर्षी, 2008 मध्ये, गोव्याचा धेंपो स्पोर्ट्स क्लब त्याच स्पर्धेत उपान्त्य फेरीपर्यंत पोचला. 'नवप्रभा' हे मराठी दैनिक ज्या धेंपो उद्योगसमूहाचे, त्याचाच हा क्लब. आर्मांदो कुलासो प्रशिक्षक, संघात समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स अशी गोमंतकीय मंडळी. या दोन्ही क्लबांची वाट सरळ होती. देशात जिंका, मग आशियात जा. पैसा उद्योगपतींचाच होता, हे मान्य. पण प्रवेशाची किंमत मैदानावर मोजली जात होती.

पुढे या वाटेवर परवान्याची चौकी बसली. आशियाई फुटबॉल महासंघाने क्लबांसाठी निकष ठरवले. क्रीडाविषयक, पायाभूत सुविधा, मनुष्यबळ व प्रशासन, कायदेशीर आणि आर्थिक असे त्यांचे पाच गट आहेत. ज्या प्राध्यापकांनी 'नॅक'च्या सात निकषांसाठी रात्री जागून फायली लावल्या आहेत, त्यांना या यादीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. वर्गात काय घडते ते राहते बाजूला. घडल्याचा पुरावा छायाचित्रासह जोडला आहे किंवा नाही, एवढेच उरते. अर्थात मी निकषांच्या विरोधात नाही. खेळाडूंचे पगार थकवणारे, कनिष्ठ वयोगटांचे संघच नसणारे क्लब आपल्याकडे होते, आणि निकष आले नसते तर त्यांना कोणी जाब विचारला नसता. माझा आक्षेप निराळा आहे.

2013 मध्ये मुंबईचे एअर इंडिया आणि ओएनजीसी हे दोन संघ परवान्याचे निकष पूर्ण न केल्यामुळे आय-लीगमधून वगळले गेले. ही खात्यांची पथके होती, स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असलेले क्लब नव्हते. कागदावर त्यांचा बचाव करणे अवघडच. पण मुंबईच्या फुटबॉलचा कणा दीर्घकाळ अशाच संघांचा होता. कारण ते खेळाडूला नोकरी देत, आणि गुडघा गेल्यानंतरही ती नोकरी राहत असे. महिंद्रा युनायटेड 2010 मध्येच बंद झाला होता. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा या तिघांनी आय-लीगमधून माघार घेतली, कारण नव्या आराखड्यात इंडियन सुपर लीग वरची आणि त्यांची लीग खालची ठरणार होती. ही नवी लीग 2014 मध्ये सुरू झाली होती, आणि पहिल्या नऊ हंगामांत खालच्या लीगमधून जिंकून तिच्यात येण्याची सोयच नव्हती. तिथे जागा पैशाने मिळे. 2023 मध्ये पंजाबचा संघ विजेतेपदाच्या बळावर वर आला, तो असा पहिलाच. तळाच्या संघाने खाली उतरण्याचा नियम मात्र तेव्हाही लागू नव्हता.

येथे मला खटकते ती विषमता. जो खेळत होता त्याच्याकडे कागद नाहीत म्हणून तो बाहेर गेला. ज्याच्याकडे कागद होते त्याच्यावर हरल्यास बाहेर जाण्याची वेळ कधी आलीच नाही. निकष लावायचेच, तर ते दोन्ही अंगांनी लावायला हवेत.

नव्या क्लबांनी काहीच केले नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब एफसी गोवा. एप्रिल 2021 मध्ये कोविडमुळे रिकाम्या असलेल्या फातोर्ड्याच्या मैदानावर त्याने सहापैकी तीन सामने बरोबरीत सोडवले. 11 एप्रिल 2022 रोजी रियाधमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 असे हरवले. त्या स्पर्धेतला भारतीय क्लबचा हा पहिला विजय, आणि निर्णायक गोल मुंबईत जन्मलेल्या राहुल भेकेचा. मराठी वाचकाला ही तारीख पाठ असायला हरकत नव्हती. ती कोणाला आठवत नाही, याची मला तरी खंत आहे.

आठवते काय, तर न आलेल्यांची नावे. 2023 मध्ये मुंबई सिटीला घरचे काही आशियाई सामने पुण्यात बालेवाडीला खेळावे लागले, कारण अंधेरीचे मैदान महासंघाच्या निकषांत बसत नव्हते. नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत अल-हिलाल आला; पण दुखापतग्रस्त नेमार आला नाही, आणि चर्चा त्याचीच झाली. ऑक्टोबर 2025 मध्ये अल-नस्र फातोर्ड्याला आला, रोनाल्डो आला नाही. चर्चा पुन्हा त्याचीच. त्या सामन्यात ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्याच तरुणाने अल-नस्रच्या जाळ्यात गोल मारला. एफसी गोवा 1-2 असा हरला हे खरे. पण गोल झाला होता, आणि तो आपल्या माणसाने केला होता. इंग्रजीत गेल्यावाचून आपल्याच लेखकाची थोरवी न पटणाऱ्या आम्हा मराठीवाल्यांनी या वृत्तीला फार हसू नये.

कागदाची सत्ता किती निर्दय असते याचा नमुना ऑगस्ट 2022 मध्ये दिसला. केरळच्या गोकुळमचा महिला संघ भारताची विजेती म्हणून आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचला होता. त्याच सुमारास 'फिफा'ने भारतीय महासंघाला निलंबित केले, कारण महासंघाचा कारभार सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांच्या हाती गेला होता. या भांडणाशी खेळाडूंचा काडीचाही संबंध नव्हता. निलंबन महिना संपायच्या आत उठले. पण तोवर स्पर्धा हातची गेली होती. एकही सामना न खेळता त्या मुली परतल्या. हरून परतणे निराळे.

म्हणूनच 'झुंड'चा उत्तरार्ध मला पूर्वार्धापेक्षा मोलाचा वाटतो. नागपुरातील विजय बारसे यांच्या 'स्लम सॉकर'वरून सुचलेल्या या चित्रपटावर, शेवटाकडे तो रेंगाळतो अशी टीका झाली. मला ते रेंगाळणेच महत्त्वाचे वाटते. सामना जिंकून झालेला असतो. आता पारपत्र हवे असते. रिंकू राजगुरूने रंगवलेली मुलगी आणि तिचा बाप ओळखीच्या पुराव्यासाठी दारोदार फिरतात, आणि आपण कोण आहोत हे सिद्ध करता करता थकतात. मैदानावरचा प्रतिस्पर्धी निदान समोर तरी उभा असतो.

वर्गात त्या दिवशी हशा ओसरल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग ते जुने क्लब आता कुठं आहेत?" धेंपोपुरते उत्तर माझ्यापाशी होते. माघारीनंतर आठ वर्षांनी, 2024 मध्ये, खालच्या विभागात खेळून तो पुन्हा आय-लीगमध्ये आला. महिंद्रा युनायटेड कुठे आहे, हे मी तिला सांगू शकलो नाही. तिने वहीत दोन्ही नावे लिहून घेतली आणि दुसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह काढले.