रूट कॉज: नदी

ऑगस्ट २०२२ ची गोष्ट. मी नोकरीत नवा होतो, म्हणजे मीटिंगमध्ये गप्प बसायचं आणि तिकिटं निस्तरायची, एवढंच काम. पंधरा ऑगस्टची सुट्टी संपवून मंगळवारी ऑफिसात टेकतो न टेकतो तोच तिकीट येऊन पडलं. क्लायंटच्या चेंगडूमधल्या एका सप्लायरच्या ऑर्डरी अडकल्यात, डिलिव्हरीची तारीख अपडेट होत नाहीये, ताबडतोब बघा. प्रायॉरिटी वन!

झालं. दोन दिवस लॉग चाळत बसलो. इंटरफेस बघितला, टाइमझोन बघितला, डेटाबेसवाल्यांशी भांडून झालं, त्यांनीही मला चार शब्द सुनावून झाले. कोडमध्ये काही म्हणजे काही सापडेना. शेवटी गुरुवारी सकाळी तिकडून मेल आली. तारीख अपडेट होत नव्हती, कारण तारीख नव्हतीच. कारखाना बंद होता. कारखान्याला वीज नव्हती. आणि वीज नव्हती, कारण नदीला पाणी नव्हतं.

तिकीट बंद करायचं तर 'रूट कॉज'चा रकाना भरावा लागतो. आमच्या यादीत कोड, कॉन्फिगरेशन, डेटा, नेटवर्क, युजर आणि 'इतर' एवढेच पर्याय. 'नदी' हा पर्याय नाही. मी 'इतर' निवडलं आणि चहाला गेलो.

पण ते 'इतर' काही डोक्यातून जाईना. त्या शनिवारपासून मी चीनच्या पाण्याबद्दल वाचायला लागलो, ते अजून थांबलेलो नाही. (रूममेटच्या मते हा आजार आहे.) आज त्यातलं जे समजलंय ते सांगतो, कारण आता त्यात माझे पैसेही अडकायची वेळ आली आहे. ते शेवटी.

तर आधी सिचुआन. या प्रांतात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे ८० टक्के वीज जलविद्युत. स्वस्त आणि स्वच्छ. २०२२ च्या उन्हाळ्यात यांगत्झेच्या खोऱ्यात पाऊस नेहमीपेक्षा खूप कमी झाला आणि जोडीला १९६१ पासूनच्या नोंदींतली सर्वांत तीव्र उष्णतेची लाट आली. चोंगचिंगजवळ पारा ४५ अंशांवर गेला. एसी वाढले, म्हणजे विजेची मागणी वाढली, आणि नेमकी तेव्हाच धरणांची वीजनिर्मितीची ताकद निम्म्याहून खाली आली. १५ ऑगस्टपासून कारखान्यांना वीज बंद. आधी सहा दिवस म्हणाले, मग २५ तारखेपर्यंत वाढवलं. चेंगडूच्या मेट्रो स्टेशनांतले दिवे मंद केले. तिकडे शांघायने दोन रात्री नदीकाठची सुप्रसिद्ध रोषणाई बंद ठेवली, कारण सिचुआनची वीज करारानुसार पूर्वेकडच्या शहरांनाही जाते.

आता यातली गंमत बघा. गंमत कसली, डोक्याला हात लावायची पाळी. सोलर पॅनेलसाठी लागणारं पॉलिसिलिकॉन आणि बॅटरीसाठी लागणारं लिथियम, दोन्हींचे मोठे कारखाने सिचुआनमध्येच आहेत. का? तर तिथली जलविद्युत स्वस्त म्हणून. म्हणजे हवामानबदलावरचा उपाय जिथे तयार होतो, तो कारखानाच हवामानाच्या फटक्याने बंद पडला! आमच्या भाषेत याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. आर्किटेक्चरच्या आकृतीत दहा चौकोन छान काढलेले असतात आणि सगळ्यांचे बाण गुपचूप एकाच सर्व्हरकडे जातात. इथे तो सर्व्हर म्हणजे यांगत्झे.

यावर इलाज काय केला? कोळसा. २०२२ या एका वर्षात चीनने १०० गिगावॅटहून जास्त क्षमतेच्या कोळसा प्रकल्पांना मंजुरी दिली. पुन्हा असं व्हायला नको, ही भीती त्यामागे होती, आणि ज्याच्या घरातले दिवे गेलेत त्याला ती समजू शकते. पण कोळसा धुवायला पाणी लागतं, औष्णिक केंद्र थंड ठेवायला पाणी लागतं, आणि चीनचा बराचसा कोळसा आहे शान्शी आणि इनर मंगोलियासारख्या कोरड्या भागात. म्हणजे पाण्याच्या तुटीवर उतारा काय, तर आणखी पाणी पिणारी व्यवस्था. आमच्याकडे मेमरी कमी पडली की काही लोक सर्व्हर रीस्टार्ट करत राहतात, त्यातलाच प्रकार.

मूळ दुखणं भूगोलातच आहे. जगातली १७-१८ टक्के माणसं चीनमध्ये आणि गोडं पाणी ६-७ टक्के. त्यातही सुमारे चार पंचमांश पाणी दक्षिणेत, आणि गहू, कोळसा, राजधानी हे सगळं उत्तरेत. पीत नदी १९७२ मध्ये पहिल्यांदा समुद्रापर्यंत पोचायच्या आत आटली. १९९७ मध्ये तर खालच्या भागात ती २२६ दिवस कोरडी होती. २२६ दिवस! पण १९९९ पासून पूर्ण नदीचं पाणीवाटप एका यंत्रणेकडे आलं, कोणत्या प्रांताने किती उचलायचं ते ठरलं, आणि त्यानंतर ती नदी आटली नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यात नवीन मशीन कुठलंच नव्हतं, फक्त हिशेब आणि अंमलबजावणी होती.

याउलट दुसरी गोष्ट सगळ्यांना माहीत असते, कारण ती भव्य आहे. दक्षिणेचं पाणी उत्तरेला न्यायचा प्रकल्प. माओने १९५२ मध्ये सुचवलेली कल्पना; पूर्वेकडचा मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला आणि मधला मार्ग डिसेंबर २०१४ मध्ये. मधल्या मार्गासाठी डानजियांगकोउ धरणाची उंची वाढवली, तीन लाखांहून जास्त लोकांना उठवलं आणि बाराशेहून जास्त किलोमीटरवरून बीजिंगला पाणी नेलं, तेही उताराने. वर्षाला साडेनऊ अब्ज घनमीटर वाहून नेण्याची योजना, म्हणजे साधारण ३३५ टीएमसी. आपल्या कोयनेत मावतं १०५. तेव्हा तीन कोयना दरवर्षी! आज बीजिंगच्या नळांना येणारं बहुतेक पाणी हे असं पाहुणं पाणी आहे. त्यामुळे तिथलं भूजल २०१६ पासून वर येऊ लागलं, हेही खरं. टीका करायची म्हणून ते लपवण्यात अर्थ नाही. पण २०२२ सारखी वर्षं दक्षिणेत वारंवार आली तर? ज्याच्याकडून उधार घ्यायचं तोच कफल्लक झाला तर? लोड बॅलन्सर कितीही भारी असला तरी मागे सर्व्हर शिल्लक असावे लागतात ना!

कमी पाण्याची दुसरी बाजू म्हणजे जास्त पाणी. २०१५ मध्ये चीनने १६ शहरांत 'स्पंज सिटी'चे प्रयोग सुरू केले. सगळीकडे काँक्रीट ओतून पाणी गटारात ढकलण्याऐवजी तळी, पाणथळ जागा, पाणी झिरपू देणारे रस्ते अशा मार्गांनी शहरानेच पाऊस शोषून घ्यायचा. लँडस्केप आर्किटेक्ट यू कोंगजियान हे या विचाराचे मोठे पुरस्कर्ते. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये विमान अपघातात ते गेले. कल्पना मला मनापासून पटते. पण २० जुलै २०२१ ला झेंगझौमध्ये एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडला. त्या शहराच्या वर्षभराच्या सरासरीचा जवळपास तिसरा हिस्सा, एका तासात. मेट्रोच्या पाच नंबरच्या लाइनमध्ये डब्यात पाणी शिरून १४ माणसं गेली. त्या पुरात हनान प्रांतात मेलेले आणि बेपत्ता मिळून आकडा ३९८.

एवढ्या पावसाला कुठलाच स्पंज पुरला नसता, हे मान्य. पण मला खरा धक्का बसला तो जानेवारी २०२२ च्या सरकारी चौकशी अहवालाने. झेंगझौने स्पंज सिटीच्या नावाखाली १९.६ अब्ज युआन खर्च केले होते. त्यातले खरोखर त्या कामाचे होते ३२ टक्के. निम्म्याहून जास्त पैसे सुशोभीकरण आणि बागबगीच्यावर गेले. शिवाय अधिकाऱ्यांनी १३९ मृत्यू आणि बेपत्ता माणसांची माहिती दडवली होती, असंही त्याच अहवालात आहे. म्हणजे प्रकल्पाला नाव होतं, बजेट होतं, अहवालात हिरवे टिक होते. टेस्ट केस मात्र कोणी चालवलीच नाही, ती पावसाने चालवली.

आता पैशाकडे येतो. चीनने ग्रीन बाँडचे नियम डिसेंबर २०१५ मध्ये आणले आणि २०२२ मध्ये जगात सर्वांत जास्त ग्रीन बाँड चीनमधून निघाले. सुरुवातीच्या यादीत 'स्वच्छ कोळसा'सुद्धा हिरवा होता; २०२१ मध्ये तो काढला. पवन आणि सौर मिळून १२०० गिगावॅटचं २०३० चं लक्ष्य सहा वर्षं आधीच, २०२४ मध्ये गाठलं. कौतुक वाटतंच. आणि हे सौर-पवन पाणीही फारसं पीत नाहीत, कोरड्या उत्तरेत तर हाच त्यांचा मोठा गुण.

पण जगभरचा हिशेब बघितला तर हवामानासाठीच्या एकूण वित्तापैकी जेमतेम ५ टक्के पैसा जुळवून घेण्यासाठी, म्हणजे अॅडॅप्टेशनसाठी जातो. कारण सरळ आहे. सोलर प्लांट वीज विकतो, पैसे देतो. पूर थोपवणारी पाणथळ जागा काय विकणार? न आलेल्या पुराचं बिल कोणाच्या नावाने फाडणार? म्हणून हे काम सरकारकडे येतं. चीनने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपत्ती-पुनर्बांधणी आणि जलसुरक्षेसाठी एक लाख कोटी युआनचे रोखे मंजूर केले. डिसेंबर २०२४ पासून देशभर पाण्यावर संसाधन कर लागू केला. मला विचाराल तर या दोन्हींत तो कर जास्त दमदार, कारण पाण्याला किंमत लागली की पाणी ताळेबंदात दिसायला लागतं.

आणि गुंतवणूकदार? जुलै २०२५ मध्ये तिबेटमध्ये यारलुंग त्सांगपोवर, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेच्या वरच्या अंगाला, १.२ लाख कोटी युआनच्या जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू झालं. बातमी येताच चीनमधल्या बांधकाम आणि सिमेंट कंपन्यांचे शेअर उसळले. स्वच्छ ऊर्जाच की! नदी खालच्या देशांत काय होऊन पोचेल आणि पन्नास वर्षांनी तिला किती पाणी असेल, हे प्रश्न शेअरच्या भावात कुठे मोजलेले दिसत नाहीत.

तर आता माझे पैसे. गेल्या महिन्यात एका कॉलेजमित्राने चीनच्या स्वच्छ ऊर्जा कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या एका परदेशी फंडाचं माहितीपत्रक पाठवलं. माझ्या भविष्याची आणि पृथ्वीचीही सोय एकदम! मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. किती टन कार्बन वाचला, ते रंगीत आलेखासकट आहे. 'पाणी' हा शब्द एकदाही नाही. यातले कारखाने कोणत्या नदीच्या विजेवर चालतात, २०२२ मध्ये किती दिवस बंद होते, पुन्हा तसं झालं तर काय तजवीज आहे, एक ओळ नाही. मी मित्राला हे तीन प्रश्न विचारले. तो म्हणाला, "अरे, तू इंजिनिअर आहेस की जलसंपदा खातं?"

मी पैसे गुंतवलेले नाहीत. चीनवर विश्वास नाही म्हणून नव्हे. उलट पीत नदीचा हिशेब लावून दाखवणारा देश हेही करू शकेल असं मला वाटतं. पण ज्या हिरव्या लेबलच्या मागे पाण्याचा रकानाच नाही, ते लेबल अर्धवट आहे, आणि अर्धवट स्पेसिफिकेशनवर सही करायची नाही हे मी नोकरीत फटके खाऊन शिकलोय. तुमच्या एसआयपीत असा एखादा 'ग्रीन' फंड असेल तर हे तीन प्रश्न विचारून बघा. उत्तर आलं तर मलाही कळवा.

आणि हो, आमच्या तिकिटाच्या यादीत मी मागच्या आठवड्यात एक नवा पर्याय सुचवला: 'हवामान / पाणी'. लीड म्हणाला, कशाला, 'इतर' आहे की.

:)