कोण कुणाच्या टेबलावर जेवतं?

‘तुमची मुलं कॉलेजात वेगळा घोळका करून बसतात.’ हे वाक्य मी शिक्षकांकडून ऐकलं आहे, पालकांकडून ऐकलं आहे आणि एकदा तर बक्षीस समारंभाच्या प्रमुख पाहुण्यांकडूनही. बोलणाऱ्याचा सूर बहुधा काळजीचाच असतो. पण ‘कुणी मोजलं आहे का?’ असं विचारलं की विषय बदलतो.

मोजण्याचं एक उदाहरण दूरचं आहे, पण आपल्या कामाचं आहे. अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका सरकारी विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या कॅथी स्मॉल यांना आपलेच विद्यार्थी कळेनासे झाले होते. पन्नाशी ओलांडलेल्या या बाईंनी २००२ साली त्याच विद्यापीठात पहिल्या वर्षाला नाव घातलं, वसतिगृहात राहायला गेल्या आणि वर्षभर विद्यार्थिनी म्हणून वावरल्या. त्यावरचं ‘माय फ्रेशमन इयर’ हे पुस्तक २००५ मध्ये रिबेका नेथन या टोपणनावाने आलं. लोकांमध्ये राहून, त्यांच्यासारखं जगून टिपणं काढण्याच्या या पद्धतीला सहभागी निरीक्षण म्हणतात.

विद्यापीठ विविधतेचे गोडवे गात होतं. बाईंनी जेवणाच्या जागेत कोण कुणासोबत बसतं ते टिपायला सुरुवात केली. गोऱ्या मुलांची टेबलं बहुतेक गोरीच निघाली. अल्पसंख्य वंशांची मुलं मात्र वेगळ्या लोकांत कितीतरी जास्त वेळा बसलेली दिसली. ‘ती लोकं आपापल्यातच राहतात’ ही तक्रार जिच्याबद्दल होती, तीच मुलं सर्वाधिक मिसळत होती. शिवाय, माझे सगळ्या प्रकारचे मित्र आहेत असं सांगणाऱ्यांनी अगदी जवळच्या मित्रांचा हिशेब दिला, तेव्हा ती विविधता बरीच आटली.

यामागचं गणित सोपं आहे. जिथे तुम्ही मूठभर असता, तिथे इतरांत बसल्याशिवाय दिवस जात नाही. जे पुष्कळ असतात, त्यांना दुसऱ्या कुणाची गरजच पडत नाही. आणि पुष्कळांचा घोळका घोळका म्हणून डोळ्यांत भरतच नाही, तो नुसता ‘कँटीन’ दिसतो. पाच मुली हिजाबात एकत्र बसल्या की लगेच दिसतात. शेजारच्या आठ टेबलांवर एकाच जातीची, एकाच गल्लीतली मुलं असली तरी त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलून पुण्याला किंवा सोलापूरला चिकटवावा, असं माझं म्हणणं नाही. मालेगावात किंवा भिवंडीत एखाद्या कॉलेजात आपणच पुष्कळ असू, तर तिथे एकटा बसलेला मुलगा कोण, हेही वहीत यायला हवं. तिथे आपल्या आठ टेबलांकडे आपलं लक्ष जातं का?

आपलं टेबल तरी एकजिनसी कुठे आहे? प्रवेश अर्जावर ‘मुस्लिम’ असा एकच रकाना असतो. त्यात कोकणी असतात, मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, शिकलगार, खाटीक असतात. घरी दख्खनी बोलणारे असतात, उर्दू माध्यमातून आलेले असतात आणि उर्दूचं अक्षरही न वाचता येणारे मराठी माध्यमवालेही असतात. इम्तियाज अहमद यांनी मुसलमानांतल्या जातींवरचं पुस्तक १९७३ साली संपादित केलं. २००६ च्या सच्चर अहवालात मुस्लिम ओबीसींवर स्वतंत्र प्रकरण आहे. तरी ‘आपल्यात जात नाही’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! डबा कुणासोबत उघडला जातो, ते दोन आठवडे बघा, मग बोलू.

प्रकल्पासाठी सल्ला मागायला येणाऱ्या मुलांच्या हातात बहुधा गुगल फॉर्म असतो. ‘तुम्ही सर्व धर्मांच्या मित्रांत मिसळता का? होय / नाही.’ यावर नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीला क्षेत्रप्रकल्प आलाच आहे, तर फॉर्म बाजूला ठेवा आणि वही घ्या. एकच जागा, रोज तीच वेळ. डाव्या पानावर फक्त दिसलं ते, उजव्या पानावर तुम्हाला काय वाटलं ते. ही दोन पानं एकमेकांत मिसळली की संशोधन संपून गप्पा सुरू होतात.

दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, कोण कोण आहे हे तुम्ही कशावरून ठरवता? आपल्याकडे पाटील, देशमुख, इनामदार ही आडनावं मुसलमानांचीही असतात, आणि प्रत्येक मुलगी हिजाब घालत नाही. तर्क करू नका, विचारा. दुसरं, कँटीनमध्ये नसलेल्यांचं काय? एकची एसटी पकडून घरी जाणारी मुलगी तुमच्या मोजणीत येणारच नाही. तिच्यासाठी लेडीज रूममध्ये आणि स्टँडवर जावं लागेल, आणि ते काम मुलींनीच करावं.

परवानगीचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. स्मॉलबाई आपली ओळख लपवून राहिल्या, त्यावरून पुढे बरीच टीका झाली. मला ती टीका पटते. आपण कुठे जमतो, काय खातो, काय घालतो, याची टिपणं दुसरे काढत असतात तेव्हा अंगावर कसा काटा येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेच आपण वर्गमित्रांना करायचं का? शिवाय आजच्या महाराष्ट्रात ‘कोणता मुलगा कोणत्या मुलीसोबत बसतो’ ही यादी भलत्याच्या हाती पडली, तर कुणाचा मार खाऊन जीव जाईल, कुणाचं शिक्षण थांबेल. त्यामुळे वहीत नावं लिहायची नाहीत. वर्ग, तुकडी, गाव लिहायचं नाही. फोटो तर नाहीच. टेबलं आणि आकडे पुरेत. ज्यांच्याशी बोलाल त्यांना आधी सांगा की तुम्ही लिहिणार आहात. नको म्हणाले तर तो विषय तिथेच थांबवा.

टिपणं आमच्याकडे पाठवा, मराठीत किंवा इंग्रजीत. कुणी दख्खनीत बोललं असेल तर ते दख्खनीतच राहू द्या, आम्ही सुधारणार नाही. निवडक टिपणं पुढच्या अंकात छापू. आकडे आपल्या विरोधात गेले असले तरीही.