राखेचा तोबरा आणि कर्जाचे खत

वडखळच्या नाक्यावर मुंबईहून कोकणात उतरणारा हमरस्ता दुभंगतो. एक वाट नागोठण्यावरून महाडाकडे, म्हणजे रायगडाच्या पायथ्याकडे जाते. दुसरी धरमतरची खाडी ओलांडून पोयनाडवरून अलिबागेस, कान्होजी आंग्र्यांच्या कुलाब्यास पोहोचते. अठराव्या शतकाच्या आरंभी मराठी राज्यात शाहू आणि त्यांच्या चुलती ताराबाई यांच्यात जी यादवी माजली, तिची दोन टोके या दोन वाटांवर आहेत. १६८९ साली रायगड पडला आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. १७१४ साली कुलाब्यास तह झाला आणि ताराबाईंच्या पक्षाचे सर्वांत बलाढ्य सरदार कान्होजी शाहूंच्या पक्षास येऊन मिळाले. या दोन प्रसंगांच्या मध्ये जी फौज उभी राहिली, ती पुष्कळ अंशी उसन्या पैशावर उभी राहिली. आणि त्या पैशासंबंधी आपल्याकडे जो एक समज रूढ आहे, त्याचे खंडन करणे मला अगत्याचे वाटते.

तो समज असा की, भाऊबंदकीच्या लढाईत पैसा पुरवणारा गृहस्थ हा आगीत तेल ओतणारा होय. त्यास ना राजाची चाड, ना रयतेची. जो पक्ष व्याज अधिक देईल तो त्याचा धनी. शाहूंचा पक्ष सावकारांनी विकत घेतला, अशा शब्दांत हा आक्षेप मांडला जातो. तो पोकळ नाही, हे आधीच कबूल केले पाहिजे. १८७५ साली सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली, ती उगाच नव्हे. आणि वडखळहून अलिबागेच्या वाटेला लागले की ज्या टापूत चरी हे गाव येते, तेथे गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध वर्षानुवर्षे जमिनी ओसाड ठेवल्या, उपास काढले, पण नांगर धरला नाही. अशा मुलखातल्या माणसाच्या कानाला सावकाराची स्तुती कडू लागावी, हे रास्तच आहे. परंतु कुळाच्या गळ्याभोवती आवळलेले खत आणि राज्याच्या हाती विश्वासाने दिलेले कर्ज, ही दोन्ही एकाच शाईने लिहिली जातात म्हणून एकच ठरत नाहीत.

१७११ सालची स्थिती पाहावी. खेडची लढाई जिंकून आणि साताऱ्यास राज्याभिषेक करवून घेऊन शाहूंना तीन-चार वर्षे झाली होती. पण धनाजी जाधव वारले, त्यांचे पुत्र चंद्रसेन सेनापती झाले, आणि बाळाजी विश्वनाथांशी बेबनाव होऊन तेच चंद्रसेन आपल्या जमावानिशी ताराबाईंकडे गेले. राजाजवळ छत्र राहिले, सेना राहिली नाही. त्या वेळी श्रीवर्धनचे हे बाळाजीपंत भट, ज्यांच्या पदरी वडिलोपार्जित फौज नव्हती आणि ज्यांस घोड्यावरची मांड पक्की नसलेला कारकून म्हणून सरदार हिणवीत, त्यांस शाहूंनी सेनाकर्ते हा किताब दिला. किताबाने सेना होत नाही. नालबंदी आगाऊ द्यावी लागते, रोजमुरा वेळेवर पोहोचवावा लागतो, दाणावैरण रोख घ्यावी लागते. आणि महालांचा वसूल तर दोन्ही पक्षांच्या स्वाऱ्यांनी आधीच लुटला गेलेला. बाळाजीपंतांनी ही रक्कम सावकारांकडून उभी केली. शाहूंना अडचणीच्या काळी हात देणाऱ्या अशा सावकारांत चासचे महादजी कृष्ण जोशी हे नाव ठळक आहे. त्यांचे मूळ गाव रत्नागिरीकडचे तळसुरे. पुढे त्यांच्याच कन्येचा, काशीबाईंचा, बाळाजीपंतांचे पुत्र बाजीराव यांच्याशी विवाह झाला.

आता आक्षेपकाने सांगावे, कर्ज न काढता फौज कशी पोसावी? त्याचे उत्तर त्या काळानेच देऊन ठेवले आहे, आणि ते दामाजी थोरात या पुंड सरदाराच्या रूपाने. बेल-भंडाऱ्याची शपथ वाहून त्याने बाळाजीपंतांना हिंगणगावच्या गढीत बोलावले, आणि बेल म्हणजे झाडाचे पान व भंडारा म्हणजे हळद, एवढाच अर्थ लावून मुलामाणसांसह त्यांना कैद केले. राखेचे तोबरे तोंडास बांधण्याची धमकी दिली आणि सुटकेची रक्कम वसूल करून मगच सोडले. फौजेस पगार नसला की प्रत्येक गढी दामाजीची गढी होते. यादवीत माणसे भाला टाकून देतात ते पैसा संपला म्हणून नव्हे. पैसा संपला की ती भाला शत्रूकडून वळवून रयतेकडे धरतात. राखेचा तोबरा आणि कर्जाचे खत, यांखेरीज तिसरा मार्ग त्या काळी कोणाजवळ होता असे मला दिसत नाही. आणि या दोहोंत खत हे माणुसकीचे होय, कारण त्यात देणाऱ्याची संमती असते आणि घेणाऱ्याची जबाबदारी लिहिलेली असते.

शिवाय उसनवारी केवळ पैशाचीच होती, हेही खरे नाही. बारगीर सरकारच्या अगर दुसऱ्या कोणाच्या घोड्यावर बसे. परंतु शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचा भाला, स्वतःची तलवार घेऊन चाकरीस येई. घोडा पडला तर नुकसान त्याच्या घरचे होते. पाटलाच्या, देशमुखाच्या वाड्यातून आलेला असा एकेक घोडा म्हणजे त्या घराने राज्याच्या पदरात घातलेली ठेवच होती, आणि ती परत मिळेल की नाही याची हमी कोणी देत नव्हते. या खारपट्टीतल्या लोकांना हे फोड करून सांगायला नको. पेण तालुक्यातली शेते समुद्राच्या पाण्यापासून बांधाने राखलेली. जुन्या शिलोत्री पद्धतीत कुळे बिघ्यामागे भाताचा ठरीव वाटा शिलोत्रदाराच्या हवाली करीत, तो बाहेरच्या बांधाच्या राखणीसाठी. उधाण कोणत्या बाजूने फोडील हे ठाऊक नसताना प्रत्येकाने आपला वाटा आधी द्यायचा. शिलेदाराचा घोडा हा तसलाच वाटा.

आणि हे मत एकट्या जेत्या पक्षाचे होते काय? रामचंद्रपंत अमात्य हे शाहूंच्या विरुद्ध पक्षाचे आधारस्तंभ. कोल्हापूरच्या गादीसाठी त्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात सावकारांचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात ते सावकारांस राज्याची शोभा मानून, संकटकाळी कर्ज त्यांच्याकडूनच मिळते, म्हणून त्यांचा परामर्श राजाने घ्यावा, असे बजावतात. ज्यांचा पक्ष या उसन्या पैशापुढे मागे हटला, त्याच पक्षाच्या प्रधानाने असे लिहावे, याहून वजनदार साक्ष मला सुचत नाही. विलायतेतही १६४२ साली राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध जुंपले, तेव्हा लंडनच्या नागरिकांनी गिल्डहॉलमध्ये चांदीची भांडी, घोडे व हत्यारे शेकडा ८ व्याजाच्या वचनावर आणून दिली. गरीब बायकांनी शिवणाची टोपणे आणि सुया दिल्या म्हणून विरोधकांनी त्यांची चेष्टा केली. पण फौज त्यातून उभी राहिली.

सावकारांस लाभ झाला, हे मी नाकारीत नाही. जोशी घराण्यास कल्याणची सुभेदारी मिळाली, पेशव्यांशी सोयरीक झाली. परंतु हे सारे शेवट ठाऊक असलेल्या माणसाचे गणित आहे. १७११ साली शाहूंच्या खतावर रक्कम देणारा मनुष्य ज्याचा सेनापतीच पळाला होता अशा राजावर भरवसा ठेवीत होता. ताराबाईंचा जय झाला असता तर ते खत रद्दीच्या मोलाचे ठरले असते. जोखीम पत्करणाऱ्यास फळ मिळाले म्हणून जोखीम खोटी होत नाही.

या कर्जाचे खरे मोल समजते ते जेथे घरचे कर्ज मिळाले नाही तेथे पाहिले की. १७३३ साली कान्होजींचे पुत्र सेखोजी आंग्रे वारले आणि संभाजी व मानाजी या भावांत तंटा लागला; मानाजींनी रेवदंड्याच्या फिरंग्यांची मदत घेऊन कुलाबा काबीज केला. १७३५ साली बाजीरावांनी दौलतीचे दोन वाटे करून दिले, पण आंग्र्यांचे आरमार पुन्हा एकसंध झाले नाही. पुढे रघुनाथरावांनी पुण्याची गादी मिळवण्यासाठी १७७५ साली सुरतेस इंग्रजांशी तह केला. भाड्याच्या पलटणींसाठी जवाहीर गहाण पडले, वसई आणि साष्टी देऊ केली. घरच्या सावकाराने व्याज मागितले असते; परक्याने मुलूख मागितला. हा भेद ज्यांच्या ध्यानात येत नाही, तेच महादजीपंतांना आणि इंग्रजांच्या मुंबई कौन्सिलला एका तागडीत घालतात.

कर्जाचा भार पेशवाईच्या अंगावर पुढे फार वाढला. बाजीराव कर्जाने गांजले, आणि देणे भागवण्यासाठी जी पट्टी बसवावी लागली तिचे नावच कर्जपट्टी पडले. तो दोष घेणाऱ्यांच्या मोहिमांचा आहे, देणाऱ्यांच्या भरवशाचा नव्हे. घेणाऱ्यांपैकी निदान एकास तरी त्या भरवशाची जाणीव होती. १७७२ साली थेऊरास माधवराव पेशवे क्षयाने झिजत पडले होते. मृत्यू जवळ आला हे ओळखून त्यांनी मागे राहणाऱ्यांसाठी जी नऊ कलमे लिहवून घेतली, त्यांत सावकारांचे देणे फेडण्याचेही कलम होते.