ताशी किती नारळ, एवढाच प्रश्न पुरेसा नाही

देशातील विज्ञानवार्तांमध्ये उपग्रह, लस आणि अणुभट्टी यांना जे स्थान मिळते, ते सोलणी यंत्राला मिळत नाही. क्वचित मिळाले तर बातमी दोन वाक्यांत आटोपते. अमुक कृषी विद्यापीठाने किंवा तमुक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी नारळ सोलण्याचे यंत्र तयार केले आणि ते ताशी इतके नारळ सोलते, एवढेच त्यात असते. त्या आकड्यापाशी वार्ताहराचे कुतूहल संपते आणि पुष्कळदा संशोधकाचेही. वास्तविक यंत्राची खरी परीक्षा तेथून सुरू व्हावयास हवी. ते कोणत्या आकाराचे फळ सोलते, कोणाच्या हाताने चालते आणि निघालेली साल कोणाच्या पदरात टाकते, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून ताशी वेगाच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

प्रथम फळाकडे पाहू. नारळ हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तंतुमय आठळीयुक्त फळ होय. बाहेर गुळगुळीत कातडी, मध्ये तंतूंचा जाड थर, त्याच्या आत करवंटी आणि करवंटीच्या आत खोबरे. मधल्या थराला कोकणात सोडण म्हणतात. उंच माडावरून पडताना आघात सोसणे आणि समुद्राच्या लाटांवर तरंगत दूरच्या किनाऱ्यावर रुजणे, या दोन कामांसाठी हा थर उत्क्रांत झाला. त्याच्या तंतूंमध्ये लिग्निनचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर असते. म्हणूनच काथ्याचा दोर खाऱ्या पाण्यातही दीर्घकाळ टिकतो. सहजासहजी सुटू नये हाच ज्याचा स्वभाव, ते आवरण सोडवावयाचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे यंत्रकाराची अडचण कळते.

ही अडचण कापण्याची नाही. कापण्यासाठी धारदार पाते आणि पुरेसे बल असले की भागते. येथे दोन थर एकमेकांपासून विलग करावयाचे असतात, आणि त्यांची सीमारेषा बाहेरून दिसत नाही. पाते थोडे उथळ गेले तर तंतू नुसते विंचरले जातात. थोडे खोल गेले तर करवंटी फुटून पाणी वाहून जाते आणि फळाची किंमत घसरते. त्यात कोणतेही दोन नारळ सारखे नसतात. एकाच माडाच्या एकाच घडातील फळेही आकाराने भिन्न असतात. जात, वय, ओलावा आणि काढणीनंतर लोटलेले दिवस यांनुसार सोडणाची जाडी आणि चिवटपणा बदलत जातो. प्रयोगशाळेत मध्यम आकाराचे नारळ निवडून घेतलेली चाचणी म्हणूनच फसवी ठरते. बाजारात मध्यम नारळ येत नाही, सगळे नारळ येतात.

माणसाने या समस्येवर शोधलेले जुने उत्तर म्हणजे जमिनीत रोवलेला टोकदार लोखंडी सुळका. केरळपासून कोकणापर्यंत तो थोड्याफार फरकाने सारखाच दिसतो. सोलणारा मनुष्य नारळ दोन्ही हातांनी सुळक्यावर आपटतो, मनगटाला पीळ देतो आणि तीन-चार झटक्यांत सोडण वेगळे करतो. टोक करवंटीला भिडले आहे हे त्याला तळहाताला जाणवते, आणि त्या जाणिवेनुसार तो बल आवरतो. कुशल कामगार दिवसाला हजाराच्या आसपास, काही जण त्याहूनही अधिक नारळ सोलतात. परंतु प्रत्येक झटक्याला शरीराचा भार उघड्या टोकाच्या दिशेने झुकत असतो. हात निसटला तर जखम ठरलेली, आणि कंबर व खांदे यांची झीज तर रोजचीच. नव्या पिढीने या कामाकडे पाठ फिरवली, याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल.

या पार्श्वभूमीवर केरळ कृषी विद्यापीठाचे 'केरमित्र' हे साधे हत्यार विद्यार्थ्यांनी अभ्यासण्याजोगे आहे. त्यात वीज नाही, मोटर नाही. उभ्या खांबावर दोन पाचरी असतात; एक स्थिर आणि दुसरी तरफेला जोडलेली. मिटलेल्या पाचरींवर नारळ दाबला की त्या सोडणात शिरतात. तरफ ओढली की हलती पाचर बाहेरच्या बाजूस उघडते आणि सोडणाचा एक पट्टा करवंटीपासून सुटतो. फळ फिरवून हीच क्रिया तीन-चार वेळा केली की काम संपते. मनगटाच्या पिळाचे काम येथे तरफ करते, तर करवंटी कोठे लागते हे ओळखण्याचे काम माणसाकडेच राहते. नारळ निसटला तरी हात उघड्या टोकाकडे झेपावत नाही. याचा ताशी वेग कुशल कामगाराच्या वेगाला हरवणारा नाही. मात्र ज्याला सुळका कधीच पेलला नसता, अशा घरातील कोणत्याही प्रौढ व्यक्तीला ते नारळ सोलू देते. हे यश 'ताशी किती' या रकान्यात मावत नाही.

मोटरवर चालणारी यंत्रे निराळ्या तत्त्वावर बेतलेली असतात. बहुतेकांत दातेरी रूळांची जोडी परस्परविरुद्ध दिशेने फिरते; दाते सोडणात रुततात आणि ते ओढून काढतात. वेग मोठा, परंतु रूळांमधील अंतर ठरलेले. लहान नारळ नीट पकडला जात नाही, मोठ्याची करवंटी दुखावते. शिवाय बाजाराची एक अट अभियंत्यांच्या आराखड्यातून अनेकदा सुटते, ती म्हणजे शेंडी. नारळाच्या तीन डोळ्यांवर तंतूंचा झुपका राखला तर डोळे झाकलेले राहतात आणि फळ लवकर नासत नाही. पूजेच्या नारळाला तर शेंडी हवीच. फळ चकचकीत सोलून देणारे यंत्र प्रदर्शनात बक्षीस मिळवते आणि बाजारात नापास होते. खोबऱ्याच्या कारखान्याला चालणारे यंत्र देवळापुढच्या दुकानदाराला चालत नाही, हे चाचणीच्या अहवालात स्पष्ट लिहिले पाहिजे.

सुपारीची कथा आणखी बोलकी आहे. भारत हा जगातील सर्वांत मोठा सुपारी उत्पादक देश, आणि त्यातील सर्वाधिक वाटा कर्नाटकाचा. तेथे एकच फळ दोन रीतींनी सोलले जाते. मलनाड भागात हिरवी, कोवळी सुपारी उतरवून ती ताजी असतानाच सोलावी लागते. मग ती उकळून वाळवतात. किनारपट्टीवर पिकलेले फळ चाळीसेक दिवस उन्हात वाळवून नंतर सोलतात. कोकणातील श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा परिचय ज्यांना आहे, त्यांना ही दुसरी रीत अपरिचित वाटणार नाही. एका रीतीत साल ओली व चिवट, तर दुसरीत कोरडी व ठिसूळ. एकीसाठी केलेले यंत्र दुसरीला जसेच्या तसे लागू पडत नाही. विळीसारख्या पात्यापाशी तासन् तास बसून हे काम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी. सोलणीच्या दिवसांत मजूर मिळेनासे झाले तेव्हा यंत्रे आली आणि ती उपयोगी पडली, याबद्दल वाद नाही. एक गोष्ट मात्र झाकता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला मानवी कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. ज्या पिकाविषयी सार्वजनिक आरोग्य आणि सार्वजनिक कृषिसंशोधन परस्परविरुद्ध दिशांनी बोलतात, त्याच्या यंत्रांवर खर्च करताना शेतकऱ्याला पर्यायी पीक देण्याच्या संशोधनावरही खर्च व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

काश्मीरमध्ये अक्रोडाची हिरवी साल काढताना वेगळाच प्रश्न उभा राहतो. त्या सालीत जुग्लोन हे द्रव्य असते. त्यामुळे हात काळे पडतात आणि तो डाग कित्येक दिवस निघत नाही. साल वेळेवर काढली नाही तर आतला मगजही काळवंडतो. काजूच्या बाबतीत तर टरफलातील तेल त्वचा जाळते. येथे यंत्राची पहिली कसोटी वेगाची नसून त्वचेची आहे. सोलणाऱ्याचे हात द्रव्यापासून किती दूर राहिले, हे मोजता येते आणि मोजले पाहिजे.

सुरक्षिततेची किंमत उशिरा कळण्याचा अनुभव देशाच्या गाठीशी आहे. हरितक्रांतीच्या काळात गव्हाच्या मळणी यंत्रांचा झपाट्याने प्रसार झाला आणि त्यांत पेंढ्या सरकवताना असंख्य मजुरांचे हात गेले. त्यानंतर १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा झाला. यंत्र आधी आले, संरक्षक नळी आणि नियम मागाहून आले. मधल्या काळातील हात परत आले नाहीत. फिरत्या दातेरी रूळांत फळ हाताने सोडावे लागणारे प्रत्येक सोलणी यंत्र त्याच जातीचे आहे. पहिल्या नमुन्यातच हात पोहोचणार नाही असे तोंड आणि चटकन थांबवणारी कळ नसेल, तर तो नमुना अपूर्ण समजावा.

आता सालीच्या मालकीविषयी. सोडण हा कचरा नाही. त्याचा सुमारे तीस टक्के भाग तंतूंचा, उरलेला भुशाचा. तंतूपासून काथ्या होतो; भुसा कोकोपीट म्हणून रोपवाटिकांत जातो. फळ जेथे सोलले जाते, तेथेच सोडणाचा ढीग साचतो आणि तेथेच पुढचा उद्योग उभा राहतो. केरळ हे काथ्याचे जुने माहेर, तरीही तेथील काथ्या उद्योगाला तंतूंसाठी मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूवर अवलंबून राहावे लागते. नारळ केरळात पिकतात. परंतु बागा चिमुकल्या, सोलणी विखुरलेली आणि सोडण गोळा करण्याची व्यवस्था दुबळी, त्यामुळे परसातील सोडण चुलीत जाते किंवा कुजते. तमिळनाडूत पोल्लाचीच्या परिसरात ते एकवटते आणि त्याचा पैसा होतो. म्हणजे सोलणी यंत्र कोठे ठेवावयाचे, हा निर्णय वरकरणी तांत्रिक वाटला तरी परिणामतः आर्थिक असतो. व्यापाऱ्याच्या वखारीत बसवलेले यंत्र सोडण वखारीला देते. गावच्या गटाकडे असलेले यंत्र ते गावाला देते.

यंत्रामुळे मजुरी जाईल, हा आक्षेप हलका नाही. केरळमधील कोल्लमच्या काजू कारखान्यांत पिढ्यान् पिढ्या स्त्रियांनी टरफले फोडली. व्हिएतनामने यंत्रांचा झपाट्याने अवलंब केला, २००६ च्या सुमारास काजूगराच्या निर्यातीत भारताला मागे टाकले, आणि पुढे कोल्लममधील अनेक कारखान्यांना टाळे लागले. कारणे आणखीही होती. कच्च्या मालाची आयात, कर्जे, दर. तरी एवढे खरे की यंत्र दूर ठेवल्याने त्या स्त्रियांचे काम वाचले नाही. त्याच वेळी, केवळ यंत्र आणल्याने ते आपोआप वाचले असते, असेही म्हणता येत नाही. यंत्रासमोर त्यांनाच बसवण्याचे प्रशिक्षण आणि धोरण असावे लागते. नारळ विकास मंडळाने २०११ साली सुरू केलेल्या माडावर चढण्याच्या प्रशिक्षणाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. तरुणांना चढण्याचे साधन, प्रशिक्षण आणि विमा एकत्र दिला गेला, आणि पूर्वी केवळ पुरुषांचे मानल्या गेलेल्या कामात स्त्रियाही आल्या. सोलणीच्या बाबतीत अशी त्रिसूत्री का नसावी?

यावरून काही स्पष्ट मागण्या निघतात. सार्वजनिक निधीतून घडलेल्या प्रत्येक सोलणी यंत्राच्या चाचणीत लहान, मध्यम आणि मोठी अशी सर्व फळे न निवडता घ्यावीत. अहवालात वेगाबरोबरच अखंड, फुटलेल्या आणि अर्धवट सोललेल्या फळांचे प्रमाण द्यावे. चाचणी करणाऱ्यांत स्त्रिया असाव्यात. तरफेची उंची आणि मुठीची जाडी भारतीय कामगारांच्या शरीरमापांवरून ठरावी. ही मापे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या प्रकल्पांनी देशभर घेतलेली आहेत. ती धूळ खात पडू नयेत. एक हेक्टरहून लहान बागेच्या मालकाला यंत्र परवडत नसेल तर ते भाड्याने मिळावे. कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेत २०१४-१५ पासून यंत्रे भाड्याने देणाऱ्या केंद्रांची तरतूद आहे, तिच्यात सोलणी यंत्रांना आणि सोडणाच्या संकलनाला एकत्र जागा मिळावी.

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून सोलणी यंत्र निवडणारे विद्यार्थी देशात दरवर्षी शेकड्यांनी असतील. त्यांनी रूळांचे रेखाचित्र काढण्यापूर्वी एक दिवस सोलणाऱ्यांच्या शेजारी बसून त्यांचे मनगट कसे वळते ते पाहावे, आणि यंत्र तयार झाल्यावर ते त्याच माणसांच्या हाती देऊन त्यांचे मत अहवालात नोंदवावे. ताशी वेगाचा आकडा त्या मतानंतर लिहिला तरी चालेल.