ठिपका आणि नुक्ता

कॅन्सरच्या पेशंटचा पेट स्कॅन झाला की रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचतो. इंग्रजी कळणारा एखादा भाचा शेवटच्या दोन ओळी वाचतो, 'पसरला' हा शब्द घरभर होतो आणि उपचार सोडण्याची भाषा सुरू होते. कशेडी-पोलादपूरहून परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचे तर रोजी बुडते, भाडे जाते, मुक्कामाची सोय पाहावी लागते. त्यामुळे 'आता काय उपयोग?' हे पटकन तोंडात येते. माझे म्हणणे एवढेच की हा निर्णय नुसत्या स्कॅनच्या कागदावर घेऊ नये.

पेट स्कॅनमध्ये किरणोत्सर्गी साखर शिरेतून देतात. जिथल्या पेशी ती जास्त घेतात, तो भाग उजळतो. पण अशी साखर फक्त कॅन्सर घेत नाही. सूज आणि टीबीही घेतात. औषधेही चकवतात. पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन नुकतेच घेतले असेल तर हाडांतला मगज उजळतो. ब्लिओमायसिनमुळे फुफ्फुसात गाठींसारखे डाग दिसल्याच्या नोंदी आहेत. निवोलुमॅबसारखी इम्युनोथेरपीची औषधे शरीराच्या संरक्षक पेशींवरचा लगाम काढतात. कधी त्यातून छातीतल्या लसिकाग्रंथी सुजतात आणि स्कॅनवर कॅन्सर पसरल्यासारखे दिसते.

हे फक्त श्रीमंतांचे औषध राहिलेले नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांचा डोके-मानेच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटांवरचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या गोळ्यांना दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निवोलुमॅब जोडल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे असे रिपोर्ट आता आपल्याही घरांत येणार.

मी वर्गात उर्दू शिकवतो. बे, पे, ते यांचा सांगाडा एकच. अक्षर ठरते नुक्त्यांवरून. स्कॅन सांगाडा दाखवतो. नुक्ता कळतो तो बायॉप्सीतून, किंवा थांबून केलेल्या दुसऱ्या स्कॅनमधून. इम्युनोथेरपीच्या चाचण्यांसाठी २०१७ मध्ये ठरलेल्या नियमांतही, पेशंटची तब्येत स्थिर असेल तर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासून खात्री करावी असे आहे.

याचा अर्थ प्रत्येक डाग औषधाचाच, असा नाही. बहुतेक वेळा वाढलेली गाठ खरोखर कॅन्सरचीच असते. आणि औषधाची सूज असली तरी ती निरुपद्रवी असतेच असे नाही. दम लागला, खोकला वाढला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

म्हणून घरच्यांनी एक वही ठेवावी: कोणते औषध, कोणते इंजेक्शन, कोणत्या तारखेला, ताप-खोकला कधी, आधी टीबी झाला होता का. ती स्कॅनच्या दिवशी दाखवावी. डॉक्टरांना सरळ विचारावे: हे औषधामुळे असू शकते का? तुकडा काढून तपासता येईल का? थांबणे धोक्याचे आहे का?

आपल्याकडे सब्र म्हणजे गप्प बसून सोसणे असे समजतात. इथे सब्र म्हणजे हे प्रश्न विचारून, खात्री होईपर्यंत उपचार न सोडणे. आणि तोवर तो कागद ग्रुपवर टाकू नये. तो ज्याचा आहे, तो माणूसही तो ग्रुप वाचत असतो.